काळ्या गाडीवरचे गोल ओरखडे: पॉलिशिंग मशीन आणि पॅड कसे निवडावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी काळी, सहा वर्षांची. सावलीत चांगली दिसते, पण उन्हात आली की बॉनेटवर आणि दरवाजांवर बारीक गोल ओरखड्यांचं जाळं उठून दिसतं. एकाने सांगितलं, घरात ग्राइंडर आहे, त्यालाच लोकरीचं पॅड लाव. दुसरा म्हणतो, रोटरीशिवाय (पॅड एकाच आसाभोवती फिरवणारं मशीन) ओरखडे निघतच नाहीत. तिसऱ्याने २१ मिलिमीटरचं ड्युअल अ‍ॅक्शन मशीन (पॅड छोट्या कक्षेत गरगरतं आणि स्वतःभोवतीही फिरतं ते) घ्यायला सांगितलंय. पॅडच्या रंगांचा काही केल्या उलगडा होत नाही. मागचा डावा दरवाजा एकदा रंगवून घेतलेला आहे. मशीन एकच घ्यायचं आहे आणि वर्षातून एक-दोनदा वापरायचं आहे. तर कोणतं घ्यावं?

आधी उत्तर देतो, मग कारणं सांगतो. तुमच्या वर्णनावरून १५ मिलिमीटर थ्रोचं (पॅड ज्या कक्षेत गरगरतं तिचा व्यास), ५ इंची बॅकिंग प्लेटचं (पॅड जिच्यावर चिकटतं ती चकती) ड्युअल अ‍ॅक्शन मशीन घ्या. मशीनमध्ये फार वरचं मॉडेल घेऊ नका, त्यातून वाचलेले पैसे पॅडवर घाला. ग्राइंडर या कामाला अजिबात नको. आणि वर्षातून एक-दोनदा मशीन फिरवायचा जो बेत आहे तो बदला. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच आहे.

हल्लीच्या बहुतेक गाड्यांवर रंगाच्या थरावर एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. चमक त्याचीच असते आणि ओरखडेही त्यातच पडलेले असतात. हा थर साधारण ३५ ते ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा असतो, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या केसापेक्षाही बारीक. पॉलिश करणं म्हणजे ओरखडा भरून काढणं नव्हे. ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट घासून खाली आणायचा, म्हणजे तिथे प्रकाश विखुरणारी कड उरत नाही. जोरकस कंपाउंडिंगच्या (जास्त कापणाऱ्या पॉलिशने घासण्याच्या) एका फेरीत काही मायक्रॉन सहज जातात, हलक्या पॉलिशमध्ये त्याहून बरेच कमी. गेलेला थर परत येत नाही. वरून वॅक्स लावा, सिरॅमिक कोटिंग लावा, क्लिअर कोट तेवढाच राहतो. शिवाय खालच्या रंगाला उन्हापासून वाचवण्याचं कामही हाच थर करतो. तो फार पातळ झाला की काही वर्षांत पापुद्रे सुटायला लागतात.

म्हणून ‘सगळ्यात जास्त काय कापेल’ हा प्रश्न विचारूच नये. तुमचे ओरखडे जेमतेम निघतील इतकीच धार कशात आहे, आणि ती नवख्या हाताच्या आवाक्यात कशी राहील, हे बघायचं. मशीन, पॅड, औषध (म्हणजे पॅडवर घ्यायचं पॉलिश किंवा कंपाउंड), हाताचा वेग हे सगळे निर्णय त्यावरून होतात.

एक गोष्ट मध्येच सांगतो. उन्हात दिसणारे ते ओरखडे बहुतेक वेळा गोल नसतातच. ते सरळ, वेड्यावाकड्या दिशांना पडलेले असतात. प्रकाशाच्या ठिपक्याभोवती जे ओरखडे प्रकाशाला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून ठिपक्याभोवती वर्तुळं असल्यासारखी दिसतात. डोकं थोडं हलवा, वर्तुळंही तुमच्याबरोबर सरकतील. हे धुताना आणि पुसताना पडलेले ओरखडे आहेत, उथळ असतात, आणि ड्युअल अ‍ॅक्शनने व्यवस्थित निघतात. याउलट कुणी रोटरी चालवून अर्धवट सोडलेल्या गाडीवर लांब, रुंद, लाटांसारखे पट्टे दिसतात आणि ते मशीन ज्या वाटेने फिरलं त्याच वाटेने जातात. त्यांना होलोग्राम म्हणतात. काळ्या गाडीवर होलोग्राम हे मूळ ओरखड्यांपेक्षा वाईट दिसतात. रोटरी घेण्याआधी हे डोळ्यांसमोर ठेवा.

आता मशीनचे प्रकार. रोटरीमध्ये पॅड एकाच आसाभोवती फिरतं, साधारण ६०० ते ३००० फेरे मिनिटाला. मोटरची सगळी ताकद थेट पॅडवर येते. तुम्ही दाबा, वाकवा, कडेवर न्या, ते फिरतच राहतं. म्हणून ते झपाट्याने कापतं, आणि म्हणूनच एका जागी क्षणभर जास्त रेंगाळलं की उष्णता साठते. सँडपेपरच्या खुणा काढायच्या असतील, जुना खराब झालेला रंग असेल, तर मी आजही रोटरी उचलतो. पण शेवटचा हात ड्युअल अ‍ॅक्शनने फिरवल्याशिवाय गाडी सोडत नाही. रोटरीने ओरखडे निघतात हे तुम्हाला कुणी सांगितलं ते खरंच आहे. तुमच्या ओरखड्यांना तिची गरज नाही, एवढंच.

ग्राइंडरचं मात्र स्पष्ट सांगतो. साधा हातातला ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो. पॉलिशचं पॅड इतक्या वेगासाठी बनवलेलंच नसतं. लोकर तापते, औषध लागलीच सुकून उडतं, आणि दरवाजाच्या कडेवर तर डोळ्याची पापणी लवेपर्यंत रंग जातो. पॅड सुटून अंगावर येण्याचा धोका वेगळाच. वेग कमी करायची सोय असलेला ग्राइंडर असला तरी तो पॉलिशच्या वेगापर्यंत सहसा उतरत नाही. ड्रिलला पॅड लावायचा मार्गही तसाच. ड्रिलची पकड पिस्तुलासारखी, वजन एकीकडे, त्यामुळे पॅड सपाट राहत नाही आणि कडेवर चालतं.

ड्युअल अ‍ॅक्शनमध्ये दोन हालचाली एकत्र असतात. पॅड एका छोट्या कक्षेत गरगरतं, आणि त्या ओघात स्वतःभोवतीही फिरतं. दुसरी हालचाल मोकळ्या बेअरिंगवर असते, तिला मोटरची थेट जोड नसते. जास्त दाबलं किंवा मशीन तिरकं झालं की पॅडचं फिरणं थांबतं, नुसती थरथर उरते. नवख्या माणसासाठी ही मोठी सुरक्षा आहे, कारण चूक झाली की मशीन कापणंच बंद करतं. दोन्ही हालचालींमुळे कापण्याच्या खुणा एकाच दिशेने पडत नाहीत, त्यामुळे होलोग्रामचा प्रश्न जवळजवळ येत नाही. म्हणजे याने नुकसान होऊच शकत नाही असं मात्र नाही. पत्र्याच्या उठावदार रेषांवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो, आणि प्लॅस्टिकच्या बंपरमधून उष्णता पसरत नाही. या दोन ठिकाणी ड्युअल अ‍ॅक्शननेही रंग घालवता येतो.

थ्रो म्हणजे त्या छोट्या कक्षेचा व्यास. ८, १२, १५, २१ मिलिमीटर असे आकडे यंत्रांवर दिसतात. थ्रो जितका मोठा तितकं पॅड एका चक्करमध्ये जास्त अंतर घासतं, म्हणजे काम लवकर होतं आणि शेवटचा हातही सफाईदार येतो. मग सगळ्यांनी २१ का घेऊ नये? कारण मोठ्या थ्रोबरोबर पॅडही मोठं येतं, साधारण ६ इंची प्लेट, आणि मोठं पॅड वळणावर आलं की लगेच अडतं. मोठ्या गाडीचं सपाट छत, रुंद बॉनेट असेल तर २१ चालवायला सुख आहे. दरवाजाच्या मधली खोल घडी, हँडलचा खळगा, मागच्या खांबाची वळणं आली की तेच मशीन हातात धडपडायला लागतं. १५ मिलिमीटर आणि ५ इंची प्लेट हा सुवर्णमध्य आहे. सपाट भागावर थोडा जास्त वेळ लागेल, पण गाडीचा बराचसा भाग त्याच्या आवाक्यात येतो.

तिसरा प्रकार गियरवाल्या ड्युअल अ‍ॅक्शनचा. फ्लेक्स कंपनीचं ८ मिलिमीटरचं एक्ससी ३४०१ हे त्यातलं प्रसिद्ध यंत्र. यात फिरण्यालाही गियरची जोड असते, त्यामुळे पॅड अडत नाही, आणि कठीण क्लिअर कोटवर ते फार चांगलं कापतं. पण ते हाताला ओढतं, कुठे न्यायचं ते आपल्याला दामटून सांगावं लागतं, आणि चुकल्यावर थांबण्याची जी सवलत मघाशी सांगितली ती इथे नाही. पहिलं आणि एकमेव मशीन म्हणून मी ते सुचवणार नाही.

५ इंच की ६ इंच, हे कागदावर ठरवू नका. पुठ्ठ्याच्या दोन गोल चकत्या कापा, एक साडेपाच इंचाची, एक साडेसहाची, कारण पॅड सहसा प्लेटपेक्षा अर्धा-पाऊण इंच मोठं असतं. ती चकती गाडीभर ठेवत फिरा. बॉनेटवर, दरवाजावर घडीच्या वर आणि खाली, मडगार्डावर, मागच्या खांबावर, बंपरच्या कोपऱ्यावर. चकती कुठे सपाट बसते आणि कुठे तिची एक कड हवेत राहते ते बघा. जिथे ती उचलली जाते तिथे खरं पॅडही नीट चालणार नाही. बहुतेक गाड्यांवर मोठी चकती बॉनेट, छत आणि डिकी सोडली तर कुठेच पूर्ण टेकत नाही. तुमच्या गाडीवर ती सगळीकडे टेकली, तर २१ मिलिमीटर सुचवणाऱ्याचा सल्ला तुमच्यासाठी बरोबर आहे, बिनधास्त ते घ्या.

१५ च्या मशीनला ३ इंची प्लेट लावून मोठ्या आणि अडचणीच्या, दोन्ही जागांची कामं एकातच होतील का, हा पुढचा प्रश्न येतोच. होतात, पण पूर्णपणे नाही. मशीनच्या आत एक प्रतिभार (तोल राखणारं वजन) असतो, तो ठरावीक वजनाच्या प्लेट-पॅडसाठी जुळवलेला असतो. फार लहान प्लेट लावली की तो तोल बिघडतो आणि हाताला झिणझिण्या येतात. आरशांची पाठ, हँडलभोवतालचा भाग अशा थोड्या जागांसाठी तेवढं सहन करता येतं. नाहीतर तिथे हाताने अप्लिकेटरवर (छोट्या स्पंजवर) पॉलिश लावून घासा. वेळ लागतो, पण होतं.

मशीन हातात घेऊन बघता आलं तर चार गोष्टी बघा. वेग कमी-जास्त करायची चकती असावी आणि दाबल्यावर मोटरचा आवाज एकदम बसू नये. बटण दाबल्यावर मशीन झटका न देता हळूहळू वेग घेणारं असावं. बॅकिंग प्लेटचा आटा कोणता आहे ते विचारा. ड्युअल अ‍ॅक्शनमध्ये ५/१६ इंची आणि एम ८ असे दोन्ही आटे सापडतात, रोटरीला बऱ्याचदा एम १४ असतो, आणि चुकीची प्लेट बसत नाही. प्लेट ही झिजणारी वस्तू आहे, पॅड धरून ठेवणारे तिचे हुक उष्णतेने वितळतात, त्यामुळे पुढे ती सुटी मिळते का याची खात्री करा. मोटरमधल्या झिजणाऱ्या कार्बन ब्रशचंही तसंच. आणि ‘वॅक्सर-पॉलिशर’ नावाने जे मोठं, दहा इंची, कापडी टोप्या चढवायचं हलकं मशीन मिळतं, ते वॅक्स पसरवण्यापुरतं ठीक आहे. त्याने ओरखडे निघणार नाहीत. ओरखडे काढायचं मशीन समजून ते घेणारे बरेच लोक मला भेटतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता पॅड. माझ्या मते इथे तुम्ही मशीनपेक्षा जास्त लक्ष घालायला हवं. त्याच मशीनवर, त्याच औषधाने, फक्त पॅड बदललं की निकाल पूर्ण बदलतो. काम अडलं तर मी सर्वात आधी पॅड बदलतो, त्याने भागलं नाही तर औषध, आणि वेगाची चकती सगळ्यात शेवटी हलवतो.

रंगांचा गोंधळ तुमचा एकट्याचा नाही. पॅडच्या रंगांचा सर्वमान्य नियम नाहीच, प्रत्येक कंपनीचा आपापला. रूपेसच्या पॅडमध्ये निळं सर्वात जास्त कापणारं, मग हिरवं, मग पिवळं, आणि पांढरं सगळ्यात मऊ. लेक कंट्रीच्या नेहमीच्या फोम पॅडमध्ये मात्र पिवळं हे जोरात कापणारं, नारिंगी त्याच्या खालचं, पांढरं पॉलिशचं आणि काळं शेवटच्या हाताचं. म्हणजे एका कंपनीचं पिवळं शेवटच्या टप्प्याकडचं आणि दुसरीचं पिवळं ओरखडे फाडून काढणारं. म्हणून ‘पिवळं पॅड वापरा’ या सल्ल्याला कंपनीचं नाव जोडलेलं नसेल तर अर्थ नाही. एकाच कंपनीची एकच मालिका घ्या आणि पाकिटावर कापणारं, मधलं, फिनिशिंगचं असं काय लिहिलंय ते वाचा. घरी आणल्यावर पाठीवर मार्करने तेच लिहून ठेवा.

साहित्याचे तीन प्रकार. फोम सगळ्यात समजून घ्यायला सोपा, आणि त्यात धार घट्टपणावरून बदलते. बोटांनी दाबून बघितलं तर कापणारं पॅड ताठ लागतं, फिनिशिंगचं मऊ. मायक्रोफायबरची पॅड ड्युअल अ‍ॅक्शनवर फोमपेक्षा जास्त कापतात, कारण प्रत्येक तंतू घासायचं काम करतो. पण मऊ क्लिअर कोटवर ती धुकट खुणा सोडतात, आणि काळ्यावर हे धुकं लगेच दिसतं. लोकर झपाट्याने कापते आणि फोमपेक्षा कमी तापते, पण तिच्यामागून दोन टप्पे करावे लागतात. तुम्ही फोमपासून सुरुवात करा. मधल्या घट्टपणाच्या फोमने ओरखडे जागचे हलेनात, तर दोन मायक्रोफायबर पॅड हाताशी असावीत. लोकरीची तुम्हाला आत्ता गरज नाही.

जाडीकडेही बघा. जाड, गुबगुबीत पॅड दिसायला भरभक्कम वाटतं, पण मशीनची हालचाल ते स्वतःच्या अंगातच जिरवतं आणि रंगापर्यंत कमी पोहोचवतं. १५ किंवा २१ थ्रोच्या मशीनला पातळ पॅड जास्त मानवतं. मधोमध भोक असलेली पॅड मिळाली तर ती घ्या. सगळ्यात जास्त उष्णता मध्यभागीच साठते, तिथलाच फोम आधी बसतो आणि तिथलाच चिकटवलेला थर आधी सुटतो.

आता संख्या, कारण इथेच लोक काटकसर करतात. अख्खी गाडी एका पॅडने होत नाही. दोन-तीन भाग झाले की फोम औषधाने आणि निघालेल्या क्लिअर कोटच्या भुकटीने भरतो, ओला आणि गरम होतो, आणि ताठपणा हरवतो. मग तुम्हाला वाटतं मशीन कापत नाही, तुम्ही दाब वाढवता, पॅड अडतं, आणि चक्र सुरू. एका मध्यम गाडीला मधल्या घट्टपणाची चार, फिनिशिंगची तीन, कापणारी दोन, आणि ३ इंची तीन-चार लहान पॅड, इतकी तयारी ठेवा. आळीपाळीने वापरली की प्रत्येकाला थंड व्हायला वेळ मिळतो आणि ती कितीतरी जास्त टिकतात.

गाडीवर एका वेळी दीड-दोन फुटांचा एकेक चौकोन घेऊन काम करायचं असतं. दर चौकोनानंतर पॅड साफ करणं हे पॅड निवडण्याइतकंच महत्त्वाचं आहे. मशीन मंद वेगावर चालू ठेवून पॅडवर मऊ दातांचा ब्रश टेकवा, साठलेला चोथा भुकटी होऊन उडतो. हवेचा पंप असेल तर आणखी छान, मायक्रोफायबरला तर तोच हवा. डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर मास्क असू द्या. पॅड बदलताना गरम असताना ओढून काढू नका, थोडं निवू द्या आणि कडेपासून हळू सोडवा.

एवढी खरेदी झाली की पुढचं काय, हेही सांगतो, कारण चांगलं मशीनसुद्धा चुकीच्या हालचालीने निकामी वाटतं. बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करने एक जाड काळी रेघ काढा. मशीन नीट चालत असेल तेव्हा रेघ फिरताना दिसेल, वेग जास्त असला तर पुसट कड्यासारखी होईल. पॅड अडलं की ती रेघ एका जागी थरथरताना स्पष्ट दिसते. काम करताना नजर त्या रेघेवर ठेवा. ती थांबली की दाब कमी करा, मशीन सपाट करा, नाहीतर त्या वळणाला लहान पॅड घ्या. हात कसा ठेवायचा हे ती रेघ तुम्हाला एका दुपारी शिकवेल.

गाडी आधी नीट धुवा, क्ले (मऊ मातीसारखी वडी) फिरवून चिकटलेले कण काढा, कडा आणि काळं प्लॅस्टिक मास्किंग टेपने झाका. मग बॉनेटवर दीड-दोन फुटांचा एक चौकोन चाचणीसाठी निवडा. मधलं पॅड, मध्यम पॉलिश, पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब. मशीन बंद असताना टेकवून थोडं पसरवा, मंद वेगावर सारखं करा, मग सहापैकी चौथ्या-पाचव्या वेगावर आणा. मशीनचं वजन आणि वर थोडासा दाब, इतकंच. हात फार हळू न्यायचा, सेकंदाला इंच-दोन इंच, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या अर्ध्यावर, आधी आडवं मग उभं, अशा चार ते सहा फेऱ्या. नवीन माणसाचा हात हमखास भराभर फिरतो.

चौकोन पुसल्यावर लगेच खूश होऊ नका. पॉलिशमधलं तेल ओरखड्यात बसून ते लपवतं. पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हलका फवारा मारून मऊ कापडाने पुसा आणि उन्हात किंवा एका तीव्र दिव्याखाली बघा. ओरखडे गेलेत आणि चमक स्वच्छ आहे, तर हीच जोडी पूर्ण गाडीला. ओरखडे तसेच आहेत, तर कापणारं पॅड, औषध तेच. ओरखडे गेलेत पण धुकं आलंय, तर त्यावर फिनिशिंग पॅड आणि बारीक पॉलिशची दुसरी फेरी. काळ्या गाडीवर ही दुसरी फेरी बहुतेक वेळा लागतेच. क्लिअर कोट मऊ आहे की कठीण हे कंपनीगणिक बदलतं, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असतो, त्यामुळे हा चौकोन केल्याशिवाय कुणीही लांबून तुम्हाला नेमकं पॅड सांगू शकत नाही. मीही नाही.

आणि ज्या ओरखड्यात नख अडकतं तो सोडून द्या. तो तळापर्यंत काढायला गेलात तर क्लिअर कोट संपेल. त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या की तो निम्मा दिसेनासा होतो, रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला तेवढं पुरे.

इथवरचा गोषवारा: मशीन १५ मिलिमीटरचं ड्युअल अ‍ॅक्शन, प्लेट ५ इंची, पॅड एकाच मालिकेतली आणि भरपूर, सुरुवात मधल्या पॅडने, आणि निर्णय चाचणीच्या चौकोनावर.

आता वर्षातून एक-दोनदा वापरण्याबद्दल. कापणारं काम एकदा नीट करा आणि मग वर्षानुवर्षं करू नका. दर सहा महिन्यांनी कंपाउंड फिरवलं तर थोड्याच वर्षांत क्लिअर कोट धोक्याच्या हद्दीत जाईल, आणि पहिल्यांदा तो कडांवर संपेल. पुढच्या वर्षी हलके ओरखडे दिसले तर सगळ्यात मऊ पॅड आणि सर्वात बारीक पॉलिश, तेही जिथे दिसतात तेवढ्याच भागावर. मशीन मऊ पॅडवर वॅक्स किंवा सीलंट पसरवायला मात्र हवं तितक्या वेळा वापरा, त्याने काही झिजत नाही. ओरखडे परत येणं थांबवायचं असेल तर धुण्याची पद्धत बदलावी लागेल: आधी पाण्याच्या फवाऱ्याने धूळ मोकळी करायची, साबणाची आणि खळबळायची बादली वेगळी, आणि कोरडी धूळ कापडाने कधीच पुसायची नाही.

राहिला मागचा डावा दरवाजा. त्याला बाकी गाडीचा नियम लावू नका. पुन्हा रंगवलेल्या भागाचा क्लिअर कोट कारखान्यातल्यासारखा भट्टीत कडक भाजलेला नसतो, त्यामुळे तो बऱ्याचदा मऊ निघतो, कधी जाड असतो, आणि कुणी वर सँडिंग करून पॉलिश केलेलं असेल तर अनपेक्षित पातळही असतो. शक्य असेल तर रंगाची जाडी मोजायचा मीटर कुणाकडून आणा आणि चारही दरवाज्यांवर, प्रत्येकी सात-आठ ठिकाणी मोजा. मीटर सगळ्या थरांची मिळून जाडी दाखवतो, एकट्या क्लिअर कोटची नाही, आणि साधा मीटर फक्त धातूवर चालतो, प्लॅस्टिक बंपरवर नाही. कारखान्याचा रंग बऱ्याच गाड्यांवर १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास येतो. डाव्या मागच्या दरवाजावर आकडा दुप्पट आला तर वरून थर चढलाय इतकंच कळतं, त्यातला किती क्लिअर कोट आहे ते कळत नाही. एखाद्या ठिकाणी आकडा बाकी गाडीपेक्षा बराच खाली आला, तर तिथे मशीन लावूच नका.

त्या दरवाजावर चाचणीचा चौकोन वेगळा करा, खालच्या बाजूला, आणि थेट फिनिशिंग पॅडने सुरुवात करा. पॅडवर काळा रंग उतरायला लागला तर ताबडतोब थांबा. एकतर तिथे क्लिअर कोट नसलेला एकथरी रंग मारलाय, किंवा होता तो क्लिअर कोट संपलाय, आणि दोन्हीतलं नेमकं काय ते रंगकाम करणाऱ्याला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. पॅडवर काळा रंग उतरला नाही आणि ओरखडे हलले, तर तो दरवाजा मऊ जोडीनेच पूर्ण करा, उरलेल्या गाडीला मधलं पॅड लागलं तरी.